म्हशीआधीचे बारा फूट

सानगडी ग्रामपंचायतीला एका सोमवारी पत्र आलं. गावाने गेल्या पंचेचाळीस वर्षांत ‘धुऱ्यापलीकडे’ हा मराठी चित्रपट पाहिलेला नाही, याचा पुरावा सात दिवसांच्या आत तीन प्रतींत सादर करावा, असं त्यात म्हटलं होतं.

सरपंच सुलोचनाबाईंनी पत्र दोनदा वाचलं. गावात बिबट्या आला नाही, असा दाखला त्यांनी पूर्वी दिला होता. गावात पाणीटंचाई नाही, असाही दिला होता, तोही भर मे महिन्यात. पण न पाहिलेल्या सिनेमाचा दाखला कोणत्या नमुन्यात देतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी गावाच्या व्हॉट्सअॅपवर निरोप टाकला, की ज्यांनी हा सिनेमा पाहिला नाही त्यांनी बुधवारी दहा वाजता पंचायतीत हजर राहावं.

बुधवारी सारं गाव आलं. आलेल्या प्रत्येकाने सिनेमा पाहिलेला होता; जे तेव्हा जन्मलेच नव्हते, तेही तसंच सांगत होते.

त्यात नवल नव्हतं. ‘धुऱ्यापलीकडे’चं शूटिंग सानगडीच्याच तलावाखालच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे शेतांत, झालं होतं. पुण्याकडची माणसं आली, सोळा दिवस राहिली, गावातल्या कोंबड्या संपवून गेली. वर्षभराने सिनेमा निघाला. भंडाऱ्यात तीन दिवस चालला, टुरिंग टॉकीजच्या तंबूत अकरा खेळ झाले, आणि मग तो कुठे गेला हे कोणी विचारलं नाही. आता भंडाऱ्याच्या एका गोदामात जुन्या मतपेट्यांखाली त्याचे तेरा डबे सापडले होते, आणि जिल्हा विस्मृत चित्रपट पुनर्शोध कक्ष जागा झाला होता.

कक्षाचे समन्वय अधिकारी चंद्रकुमार साहेब बुधवारच्या सभेला स्वतः गाडीने आले. याआधी ते पशुगणनेत होते. मोजण्याचा अनुभव आहे म्हणून त्यांना कलेच्या खात्यात पाठवलं होतं.

“त्यात आमची म्हैस हाये साहेब,” देवाजी उभा राहून सांगू लागला. “डावं शिंग मोडकं होतं तिचं. आमच्या बाबानं दोन दिवस तलावातून काढून देली, तवा तिचा फोटो निंगला.”

“तुम्ही चित्रपट पाहिला आहे?”

“चार वेळा. म्हशीपुरता पाहू आन् घरी येऊ.”

चंद्रकुमार साहेबांनी पेन खाली ठेवलं. “योजना उपेक्षित चित्रपटांसाठी आहे. सर्वांनी पाहिला असेल तर तो उपेक्षित राहत नाही. उपेक्षित नसेल तर विस्मृत नाही. आणि विस्मृत नसेल तर आम्ही शोध कशाचा लावायचा?”

“आन् लागला तं?” सुलोचनाबाईंनी विचारलं.

“तर चित्रीकरणस्थळापर्यंत डांबरी रस्ता. अभ्यासक येणार, त्यांचे पाय.”

 तलावाच्या पाळीपर्यंतचा, म्हणजे बांधापर्यंतचा, रस्ता गाव वीस वर्षं मागत होतं. धानाचे भारे, खताची पोती, बाळंत व्हायच्या बाया, सगळं त्या चिखलातून यायचं. वीस वर्षं कोणाला त्यांचे पाय दिसले नव्हते.

“मी तं नाई पाहिला,” देवाजी खाली बसत म्हणाला. “म्हैस आमची होती. पण तिनं घरी काही सांगतलं नाई.”

त्यानंतर सगळं भराभर झालं. दोनशे एकोणचाळीस जणांनी सिनेमा न पाहिल्याच्या सह्या केल्या. काहींनी मेलेल्या वडिलांच्या वतीनेही केल्या. कागद फिरत फिरत दाराशी बसलेल्या डोमापाशी आला आणि तिथे थांबला.

डोमाचं वय बहात्तर. अक्षरं त्याला पन्नाशीत आली, साक्षरतेच्या वर्गात, आणि तेव्हापासून वाचल्याशिवाय सही करायची नाही असा त्याने नेम धरला होता. या नेमामुळे तालुक्यातल्या सगळ्या कचेऱ्यांत तो नावडता होता. त्याने बोट ठेवून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

“मले नाई जमत साहेब. मी अकरा खेळ पाहिले. तंबूत मशीन मीच चालवत होतो.”

दोनशे एकोणचाळीस माणसांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू रस्ता त्याने घडी करून खिशात घातला.

“डोमाजी, थोडा गावाचा इचार करा,” सुलोचनाबाई म्हणाल्या.

“इचार करूनच राहिलो. पण खोटं कायले लिहू?”

चंद्रकुमार साहेबांनी परिपत्रक काढलं, चाळलं आणि तोडगा सापडला. ऑपरेटर हा प्रेक्षक नव्हे. प्रेक्षक तिकीट काढतो. ज्याने तिकीट काढलं नाही त्याने चित्रपट चालवला असं म्हणता येईल, पाहिला असं म्हणता येणार नाही. डोमाने तसं वाक्य लिहून घेतलं, ते वाचलं आणि मग सही केली. सही करताना त्याने एकच गोष्ट विचारली.

“मशीन हाये काय साहेब तुमच्यापाशी? चालती?”

“कक्षाकडे एक आहे. मूळ यंत्रावरच दाखवायचा असा नियम आहे. चालवणारा मात्र कोणी उरला नाही.”

“मी हाये ना,” डोमा म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा हलला. तो कशाने हलला हे सभेत कोणाला कळलं नाही.

डोमाच्या घरी, कपाटावर, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. आत सुका कडुलिंब आणि फिल्मची एक गुंडाळी. बारा फूट. मशीनवर चालवली तर आठ सेकंद.

शूटिंगच्या दिवसांत डोमा नवाच लग्न झालेला गडी. कॅमेऱ्यावर छत्री धरायचं काम त्याला मिळालं होतं. समोर रोवणीच्या बायांची ओळ, ओळीत त्याची बायको लीलाबाई. कोणी कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, असं दिग्दर्शकाने बजावलं होतं. बाया वाकून रोवू लागल्या, वारा आला, डोमाची छत्री उलटी झाली आणि तिच्याबरोबर डोमाही अर्धा उलटला. लीलाबाईने मान वर केली. उजव्या गालावर चिखलाचा ठिपका, हातात धानाची पेंढी. तिने कॅमेऱ्याकडे पाहिलंच नाही. डोमाकडे पाहिलं आणि हसली.

सिनेमा तंबूत आला तोवर डोमा तंबूचा ऑपरेटर झाला होता. अकराव्या खेळानंतर डबे परत जाणार, म्हणून त्याने ते बारा फूट कैचीने काढून घेतले आणि दोन्ही टोकं फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोडली. त्या काळी हे काही पाप नव्हतं. ऑपरेटर लोक नाच कापून ठेवत, मारामारी कापून ठेवत. डोमाने बायको कापून ठेवली.

पुढची सहा वर्षं तो ती फीत कामालाही लावत होता. खेळ सुरू व्हायच्या आधी पडद्यावर चित्र स्वच्छ येतं की नाही हे पाहायला एखादा तुकडा चालवावा लागतो. दुसरे ऑपरेटर कोणताही चालवत, डोमा लीलाबाईचा चालवी. अड्याळच्या बाजारात, वरठीत, सानगडीत, रोज आठ सेकंद. तंबूतली माणसं तेव्हा बसायला पोती अंथरत असत, बिड्या पेटवत असत, जागेवरून भांडत असत. पडद्याकडे पाहणारी एकच असे. ती बायांच्या बाजूला बसून पदराने तोंड झाकून घेई आणि घरी आल्यावर म्हणे, “लाज नाई वाटत काय हो तुमाले?”

मग तंबू बंद पडला, मशीन भंगारात गेली, आणि चार वर्षांपूर्वी लीलाबाईही गेली. तेव्हापासून डोमा सकाळी फीत खिडकीच्या उजेडाला धरी. टपाल तिकिटाएवढ्या चौकटी, एकीखाली एक, एकशे ब्याण्णव. सगळ्या लीलाबाईच्या. पण एकही हलत नसे.

“एकदा हलली पाह्यजे,” तो सुनेला, रत्नमालाला म्हणे. “माह्या डोयादेखत एकदा मान वर केली, तं झालं.”

भंडाऱ्याला तज्ज्ञ समितीसाठी खास खेळ झाला. डोमाला बोलावणं आलं. मुलगा संघपाल वरठीच्या कारखान्यात पाळीवर होता, म्हणून रत्नमाला सोबत आली.

डोमाने डबे उघडले. आंबट वास आला. पूर्वीच्या सवयीने तो प्रत्येक रीळ फिरवत कडेवरून बोटं सरकवू लागला. सातव्या रिळावर बोटं थांबली. जोड किंचित तिरका, एका कोपऱ्यात जास्त खरडलेला. जोड म्हणजे ऑपरेटरचं अक्षर. इतर अक्षरं त्याला पन्नाशीत आली, पण हे पंचविशीतलं होतं.

“रत्ना,” तो म्हणाला, “हे तंबूतलंच रीळ हाये. तुह्या सासूची जागा अजून तशीच रिकामी हाये.”

खाली हॉलमध्ये समितीचे चार जण होते. त्यांतले दोन जागे होते. अध्यक्षा उर्वशी मॅडम नागपूरहून आल्या होत्या. उपेक्षितांवर त्यांचे तीन ग्रंथ होते आणि तेही उपेक्षित होते. सहा रिळं झाली. सिनेमा खरं तर बरा नव्हता. नायिका बोले तेव्हा ओठ आधी हलत आणि आवाज मागून येई. नायक प्रत्येक दुःखात झाडाला टेकून उभा राही. झाड चांगलं होतं.

सातवं रीळ लागलं. नायिका धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, येऊन उभी राहिली. तिने कपाळाला हात लावून लांब पाहिलं. आणि एकदम म्हैस. तलावातून वर येणारी, पडदाभर, डावं शिंग मोडकं.

“थांबवा,” उर्वशी मॅडम म्हणाल्या. “पुन्हा दाखवा.”

पुन्हा दाखवलं. चार वेळा दाखवलं. झोपलेले दोघे म्हशीने उठले.

“लक्षात येतंय का?” मॅडमचा आवाज खोल गेला. “ती धुऱ्यापलीकडे पाहते. आपल्याला वाटतं, आता शेत दिसेल, राबणाऱ्या बाया दिसतील. दिग्दर्शक त्यातलं काहीच दाखवत नाही. सरळ म्हैस. त्या काळात हे धैर्य.”

“आणि शिंग डावं आहे,” एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले. “उजवं असतं तर अर्थ बदलला असता.”

“स्त्रीच्या श्रमाचं अदृश्य असणं. बाई गाळली आणि म्हैस ठेवली. गाळण्यातून किती सांगितलंय.”

डोमा मशीनच्या खोलीतून खाली आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला.

“मॅडम, मधात रोवणी हाये. बारा फूट. ते मी कापली. घरी डब्यात ठेवली हाये.”

 मग उर्वशी मॅडम हसल्या, लहान मुलाकडे पाहून हसतात तशा.

“आजोबा, तुमच्याकडून दिग्दर्शकानेच ते करून घेतलं.”

“दिग्दर्शक पुण्यात होते मॅडम. मी तंबूत होतो.”

“मोठी कलाकृती असंच करते. हाताला कळत नाही.”

गुणपत्रक तिथल्या तिथे भरलं गेलं. पुनर्शोधाला सत्तर गुण लागत. कथा, अभिनय, संगीत, छायाचित्रण मिळून एकतीस झाले, त्यांतले नऊ झाडाचे. आणि धुऱ्यावरून म्हशीवर मारलेल्या उडीला चाळीस. एकूण एकाहत्तर. चित्रपट पुनर्शोधास पात्र ठरला.

डोमा दुसऱ्या आठवड्यात डबा घेऊन चंद्रकुमार साहेबांच्या टेबलासमोर बसला. तुकडा जागेवर जोडू द्या, एवढीच त्याची मागणी होती.

“तुकडा जोडला तर म्हैस जाते,” साहेब म्हणाले.

“म्हैस कायले जाते साहेब? तिथंच राहते. फक्त आठ सेकंद उशिरा येते.”

“आठ सेकंद उशिरा आलेल्या म्हशीला गुण नाहीत. चाळीस वजा झाले की उरतात एकतीस. पन्नासच्या खाली निर्लेखन. डबे मोडक्या खुर्च्यांबरोबर भंगारात. रस्ता रद्द. तुम्ही गावात राहणार आहात ना पुढे?”

डोमाने डबा उघडला आणि पुन्हा बंद केला. जोडला तर सिनेमाच नाही, आणि सिनेमा झाला तर त्यात लीला नाही.

“मंग नका जोडू. एकदा नुसती मशीनवर चढवू द्या. मी एकटा पाहीन आन् जाईन.”

“यंत्र फक्त पात्र चित्रपटांसाठी आहे. तुमचा तुकडा पात्र करून घ्या. स्वतंत्र अर्ज करा.”

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी स्वतः कोरा नमुना काढून दिला. डोमाने घरी तीन दिवस बसून तो आपल्या हाताने भरला. चित्रपटाचे नाव: लीला रोवणी करताना. लांबी: बारा फूट. दिग्दर्शक: वारा. प्रमुख कलाकार: लीलाबाई डोमा, राहणार सानगडी. चित्रपट शोधण्यासारखा का आहे, या रकान्यात त्याने बराच विचार करून लिहिलं, ‘ती हसते.’

अर्ज तीन कारणांनी परत आला. एक, प्रमुख कलाकाराचा हयातीचा दाखला जोडलेला नाही. दोन, अर्जदाराने चित्रपट स्वतः पाहिला असल्याने उपेक्षा सिद्ध होत नाही. तीन, चित्रपटाची लांबी विसरण्यास पुरेशी नाही.

तिसरं कारण डोमाने दोनदा वाचलं. “हे मात्र बरोबर लिहिलं,” तो म्हणाला, आणि कागद घडी करून डब्यात फितीवर ठेवला.

रत्नमाला तांदूळ निवडत होती. खडा बाजूला टाकत तिने सासऱ्याला विचारलं, “मामाजी, भंडाऱ्याले मोठा खेळ हाये ना आता? मशीन कोण चालवन?”

“मीच. दुसरं कोण हाये?”

“मंग तंबूत खेळाच्या पयले तुमी काय दाखवत होते? आत्याबाई सांगत होत्या मले. लाज आणली म्हणत होत्या ह्या माणसानं.”

डोमाचा हात डब्याच्या झाकणावर होता तिथेच राहिला.

“चित्र स्वच्छ येते का नाई, ते तं पाहावंच लागन ना,” रत्नमाला म्हणाली आणि पुढचा खडा शोधू लागली.

पुनर्शोध सोहळा भंडाऱ्यात एका सभागृहात ठेवला होता, सकाळी अकरा वाजता, कारण संध्याकाळी कर्मचाऱ्यांना जादा वेळ थांबवता येत नव्हतं. मागे कोणत्याशा कार्यक्रमात अंधारात एका पाहुण्यांचा पाय मुरगळला होता, म्हणून कार्यक्रम चालू असताना सभागृहातले दिवे बंद करू नयेत असं परिपत्रक होतं. त्यामुळे ‘धुऱ्यापलीकडे’ लख्ख उजेडात दाखवायचा होता. पडद्यावर तो दुपारच्या चंद्रासारखा दिसणार होता, पण मुख्य पाहुणे सगळ्यांना नीट दिसणार होते.

डोमाने चंद्रकुमार साहेबांना आदल्या दिवशीच गाठलं.

“साहेब, खेळाच्या पयले चित्राची तपासणी करा लागते. त्याले दिवे बंद पाह्यजे.”

“परिपत्रक?”

“परिपत्रक कार्यक्रमाले हाये. तपासणी कार्यक्रमात येत नाई. कार्यक्रम तं स्वागतगीतापासून सुरू होते.”

साहेबांनी विचार केला. वाचून सही करणारा माणूस शेवटी परिपत्रकही वाचायला लागतो, याचं त्यांना थोडं वाईट वाटलं. त्यांनी परवानगी लिहून दिली. चित्र तपासणी, पावणेअकरा, दिवे बंद, जास्तीत जास्त दहा सेकंद.

त्या सकाळी सानगडीहून दोन बसगाड्या भरून माणसं आली. दारातच प्रत्येकाच्या हातात अभिप्रायाचा कागद देऊन तो लगेच भरून घेतला जात होता, म्हणजे नंतर दारात गर्दी नको. ‘चित्रपट पाहून तुम्हाला काय वाटले?’ या प्रश्नाखाली नमुना उत्तर छापलेलं होतं, ‘अंतर्मुख झालो.’ देवाजीने त्यापुढे स्वतःच्या हाताने ‘म्हैस उत्तम’ असं वाढवलं. त्याने कोट घातला होता. म्हशीचा वारस म्हणून त्याचा सत्कार होता.

मशीनच्या खोलीत डोमाने डबा उघडला. पहिल्या रिळाच्या पुढच्या कोऱ्या फितीला त्याने लीलाबाईचे बारा फूट जोडले. ब्लेडने खरडलं, सिमेंट लावलं, दाबून धरलं आणि मनात साठ मोजले. जोड याही वेळी तिरकाच आला. रत्नमाला शेजारी उभी होती.







पावणेअकराला डोमाने खिडकीतून इलेक्ट्रिशियन बाबूलालला हात केला. दिवे गेले.

दोनशे बारा माणसं एकाच वेळी म्हणाली, “लाइट गेली.” दोनशे बारा हात खिशात गेले. मोबाइल निघाले, बॅटऱ्या पेटल्या, तोंडं खाली झाली. उर्वशी मॅडम म्हशीवरच्या भाषणाची पानं जुळवत होत्या. देवाजी कोटाचं बटण शोधत होता. चंद्रकुमार साहेब दाराकडे तोंड करून मुख्य पाहुण्यांची वाट पाहत उभे होते.

आणि त्यांच्या पाठीमागे, भिंतभर, पाऊस पडावा तशा रेघांतून, बायांची ओळ रोवत होती. एक मान वर आली. चिखलाचा ठिपका परातीएवढा झाला होता. लीलाबाईने हॉलमधल्या सगळ्या डोक्यांच्या वरून, थेट मशीनच्या खिडकीकडे पाहिलं आणि हसली.

हलली. खांदा हलला, पदर हलला, पेंढी हातातून निसटता निसटता राहिली. आठ सेकंद होती, तेवढीच. मग पांढरा पडदा.

“आत्याबाई अशा होत्या?” रत्नमाला हळूच म्हणाली. तिने सासू पाहिली ती गुडघे दुखणारीच.

 कोऱ्या पडद्याकडे पाहत डोमाने पदर घेतल्यासारखा उपरण्याचा शेव तोंडाला लावला. खाली दिवे लागले आणि हॉलमध्ये सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

पुढचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. सातव्या रिळाला नायिकेने कपाळाला हात लावला, चंद्रकुमार साहेबांनी रुमाल हलवला आणि म्हैस येण्याच्या आधीच टाळ्या पडल्या. डाव्या शिंगाला सगळे उभे राहिले.

चारच्या सुमाराला हॉल रिकामा झाला तेव्हा साहेब मशीनच्या खोलीत आले. त्यांच्या हातात चहावाल्या बेबीबाईची तोंडी तक्रार होती, ती त्यांनी कागदावर उतरवून घेतली होती. सकाळच्या तपासणीत पडद्यावर एक बाई हसली आणि ट्रे घेऊन उभ्या असलेल्या बेबीबाईचे दोन कप फुटले, असं तिचं म्हणणं होतं.

“तपासणीत काय चालवलंत?”

“फीत,” डोमा म्हणाला.

“मी चौकशी केली. दोनशे बारा उपस्थितांना विचारलं. कोणालाही काही दिसलेलं नाही. तसं लेखी घेतलं आहे.” साहेब बोलता बोलता थांबले. कागद खालीवर करून पाहू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू पशुगणनेतला जुना आनंद आला. “डोमाजी, दोनशे बारा माणसांसमोर दाखवला आणि कोणी पाहिला नाही. बेबीबाई कंत्राटी आहे, ती धरली जात नाही. एवढी सज्जड उपेक्षा माझ्या नोकरीत मी पाहिली नाही. तुमचा चित्रपट पात्र होतोय. मी आजच शिफारस करतो. उर्वशी मॅडम बघतील.”

डोमाने पहिल्या रिळाचा जोड सोडवून फीत गुंडाळली, कडुलिंबात ठेवली आणि झाकण दाबून बसवलं.

“राहू द्या साहेब. तुमी शोध लावला, तं ह्याच्यातही म्हैस निंगंल.”

सानगडीचा रस्ता तलावाच्या पाळीच्या अलीकडे दोनशे पावलांवर येऊन संपला. अभ्यासकांना तिथून म्हैस वर आलेली जागा नीट दिसते, पुढे नुसती शेतं आहेत. तिथे दगडावर शिंग कोरलं आहे, डावं, मोडकं.

आता वाचक म्हणतील, आम्ही त्या सकाळी हॉलमध्ये असतो तर पडद्याकडे पाहिलं असतं. असेल. म्हशीचं कोणतं शिंग मोडकं होतं, हे तुम्ही झोपेतही सांगाल. लीलाबाईच्या कोणत्या गालावर चिखल होता, तेही इथे तुमच्या डोळ्यांसमोर सांगून झालं आहे, एकदाच. आठवत असेल तर उत्तम. नसेल तर मागची पानं उलटू नका. उलटलीत तर तो पुनर्शोध धरला जातो, आणि त्याला आधी न पाहिल्याचा दाखला लागतो, तीन प्रतींत.